जिंकणाऱ्यानेही हिशेब द्यावा

पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. मराठी माणसाला हे वाक्य पाठ असते, आणि ते हिशेबाच्या भाषेत आहे हे विसरू नये. हरलेल्या बाजूचे काय गेले आणि ते कोणत्या मोलाचे होते, याची वहीच त्यात उघडली आहे. जिंकलेल्या बाजूची वही मात्र आपण कधी मागत नाही.

ती मागून पाहू. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी रणांगण अहमदशाह अब्दालीच्या हातात होते. पण त्याच्या फौजेचा पगार थकलेला होता आणि शिपायांना घरी जायचे होते. मार्चमध्ये त्याने दिल्ली सोडली. ज्यांच्याशी एवढा रक्तपात केला त्याच पेशव्यांकडे सलोख्याची पत्रे पाठवण्याची वेळ त्याच्यावर आली. परतीच्या वाटेवर पंजाबात शिखांनी त्याच्या फौजेचे लचके तोडले, आणि वर्ष संपायच्या आत ते लाहोरात शिरले. पंजाब राखण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा उतरावे लागले, तरी १७६५ पासून लाहोरवर शीख सरदारांचा अंमल बसला. १७७१ मध्ये मराठे दिल्लीत परतले. मराठ्यांची एक पिढी पानिपतावर कापली गेली हे खरेच, त्या दुःखाला उणेपणा आणायचा नाही. पण एवढी मोठी लढाई जिंकून अब्दालीला दहा वर्षे टिकेल असे काय मिळाले, या प्रश्नाला धड उत्तर नाही.

लष्करी पराभव झाला की समिती बसते, कागद मागवले जातात, कुणाची तरी खुर्ची जाते. विजय मिळाला की पदके, मिरवणूक आणि भाषणे. माझे म्हणणे असे की विजयाचीही चौकशी व्हावी आणि ती लष्कराबाहेरच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली व्हावी. ती आपोआप सुरू होईल अशी तरतूद शांततेच्या काळातच कायद्यात करून ठेवावी आणि तिचे आकडे लोकप्रतिनिधींसमोर यावेत. पराभवाची किंमत लपत नाही. विजयाची लपते, आणि ती अनेकदा पुढच्या पिढीच्या नावावर चढते.

महाग विजयाला युरोपात पिऱ्हस राजाचे नाव पडले आहे. त्याची गोष्ट बहुतेक वेळा अर्धवट सांगितली जाते. एपिरसचा हा राजा सुमारे पंचवीस हजार माणसे आणि वीस हत्ती घेऊन इटलीत उतरला. इ. स. पूर्व २८० मध्ये हेराक्लिआला आणि पुढच्या वर्षी आस्कुलमला त्याने रोमनांना हरवले. आस्कुलमच्या प्राचीन वृत्तांतांपैकी एकात आकडे आहेत: रोमनांचे सहा हजार पडले, पिऱ्हसचे ३,५०५. म्हणजे त्याची हानी शत्रूपेक्षा कमीच होती! तरीही असा आणखी एक विजय मिळाला तर आपण पुरते बुडू, असे तो म्हणाला. कारण पडलेल्यांत त्याचे जुने सरदार आणि मित्र होते, आणि त्यांच्या जागी बोलवायला मायदेशी कुणी नव्हते. रोमची फौज मात्र घरातच झरा असावा तशी पुन्हा भरत होती. विजयाची किंमत प्रेतांच्या वजाबाकीतून निघत नाही. जे गेले ते भरून काढायला किती वेळ लागेल, आणि शत्रूला किती, या दोन मुदतींच्या फरकातून ती निघते.

हा फरक रणांगणावर कसा पडतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण बातमीत येणारा टक्केवारीचा आकडा इथेच फसवतो. आठशे माणसांची एक पायदळ पलटण धरा. तिच्यात प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या चार कंपन्या, प्रत्येकी सुमारे १२० जणांच्या, म्हणजे ४८० माणसे. उरलेले तोफा, दळणवळण, वाहने, रसद, स्वयंपाक, वैद्यकीय मदत अशा कामांवर. लढाईत दोनशे माणसे गेली तर कागदावर पलटण पंचाहत्तर टक्के शाबूत दिसते. पण त्या दोनशेतले १८० हल्ल्याच्या कंपन्यांतलेच असतात. तिथे ४८० चे तीनशे झाले, म्हणजे कंपनीत ७५. दहा जणांच्या सेक्शनमध्ये सहा उरले. त्यातले दोघे मशीनगनवर आणि एक म्होरक्या, मग पुढे सरकायला तिघे राहतात. पलटण नकाशावर तशीच असते, पण दुसरा हल्ला तिच्याने होत नाही.

शिवाय गोळी सगळ्यांना सारखी लागत नाही. हल्ल्यात पुढे कंपनी कमांडर असतो, प्लॅटूनचे तरुण अधिकारी असतात, हवालदार आणि नाईक असतात. नवा जवान वर्षभराच्या आत शिकवून उभा करता येतो. पण धुरात आणि गोंधळात आपल्या दहा माणसांना कुठे झोपवायचे आणि कधी उठवायचे हे ज्याला बोलल्यावाचून कळते, तो हवालदार दहा-बारा वर्षांत घडतो. एका सकाळच्या विजयात असे पंधरा गेले तर पलटणीची दीडशे वर्षांची शिकवण गेली. हा रकाना कोणत्याही विजयपत्रात नसतो.

टेकडी किंवा खंदक हाती आल्यावरचा पहिला तास सर्वांत वाईट. ठाणे जिंकलेले असते, पण त्याच्या बंकरांची तोंडे चुकीच्या दिशेला असतात. आता शत्रू ज्या बाजूला गेला त्या बाजूला नवा बांध घालावा लागतो, तोही दमलेल्या हातांनी. शत्रूच्या तोफांना त्या जागेचे अंतर हातभर चुकीशिवाय ठाऊक असते, कारण कालपर्यंत ती त्यांचीच जागा होती. अंगावर वाहून आणलेला दारूगोळा चढाईतच संपत आलेला असतो, आणि नवा येतो तो ज्या वाटेवर मारा चालू आहे त्याच वाटेने. त्याच वाटेने जखमी खाली न्यायचे असतात. एका स्ट्रेचरला सपाटीवर चार माणसे लागतात, चिखलात किंवा चढ-उतारावर सहा ते आठ. चालू न शकणारे पन्नास जखमी म्हणजे दोनशे ते चारशे माणसांचे काम, आणि वर मोजलेल्या पलटणीला जिंकलेली जागा राखून तेवढे धड हात सोडता येत नाहीत. प्रतिहल्ला याच वेळी होतो. जिंकलेली बाजू सर्वांत दुबळी असते ती जिंकल्याच्या क्षणी.

याचे नमुनेदार उदाहरण १५ मार्च १७८१ चे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गिल्फर्ड कोर्टहाउस येथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने आपल्याहून दुपटीहून मोठ्या सैन्याला मैदानातून हटवले. हानी होती ९३ ठार, ४१३ जखमी, २६ बेपत्ता, म्हणजे सुमारे १,९०० माणसांपैकी ५३२. पण या विजयाचा निकाल दोन महिने आधी लागला होता. शत्रूचा पाठलाग वेगाने करता यावा म्हणून जानेवारीत कॉर्नवॉलिसने स्वतःच्या सामानाच्या गाड्या जाळल्या होत्या. त्यात तंबूही गेले. लढाईच्या रात्री मुसळधार पाऊस पडला आणि जखमी उघड्यावर भिजत पडले. त्यांतले कितीतरी पहाट पाहू शकले नाहीत. पाठलाग करायला ताकद नव्हती, खायला धान्य नव्हते. जिंकलेले सैन्य जखमींना मागे ठेवून समुद्रकाठच्या विल्मिंग्टनकडे परतले, तिथून व्हर्जिनियात गेले आणि १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला शरण आले. असा दुसरा विजय आपले सैन्य बुडवील, असे लंडनच्या संसदेत चार्ल्स जेम्स फॉक्सने म्हटले तेव्हा त्याला देशद्रोही ठरवणारेही होतेच. पण त्याने मांडलेला हिशेब बरोबर होता.

कुशल माणसांचा रकाना सर्वांत स्पष्ट दिसतो तो २६ ऑक्टोबर १९४२ च्या सांताक्रूझ बेटांजवळच्या लढाईत. जपानी आरमाराने अमेरिकेची ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका बुडवली, ‘एंटरप्राइझ’ला जबर इजा केली. त्यांची स्वतःची एकही विमानवाहू नौका बुडाली नाही. नौका मोजल्या तर विजय जपानचा. पण त्यांची ९९ विमाने गेली आणि १४८ वैमानिक व सहकारी गेले. चार विमानवाहू नौका गमावलेल्या मिडवेच्या पराभवातही जपानचे ११० च्या आसपासच विमानकर्मी मेले होते. म्हणजे माणसांच्या हिशेबात हा विजय त्या पराभवापेक्षा महाग पडला. ‘झुईकाकू’ या नौकेला ओरखडाही आला नव्हता, तरी ती जपानला परत गेली, कारण तिच्यावरून उडायला पुरेसे वैमानिक नव्हते. ग्वाडलकनाल बेटाच्या लढ्याचा निकाल लावणाऱ्या नोव्हेंबरच्या लढायांत ती नव्हती. युद्धाआधी जपानी नौदल मोजकेच पण अतिशय तयारीचे वैमानिक घडवत असे. निवड कडक, शिक्षण दीर्घ. शांततेत या पद्धतीचा अभिमान वाटत होता. युद्धात मात्र गेलेल्याच्या जागी यायला कुणी नव्हते. अमेरिकेने आपले अनुभवी वैमानिक आघाडीवरून काढून नव्यांना शिकवायला लावले, जपानने त्यांना मरेपर्यंत आघाडीवर ठेवले.

क्रीटची कथा याच जातीची आहे. मे १९४१ मध्ये जर्मनांनी ते बेट मुख्यतः छत्रीधारी सैनिक उतरवून घेतले. सहा हजारांहून अधिक माणसे त्यात हातची गेली. बेट मिळाले, पण त्या प्रमाणावर छत्रीधारी हल्ला जर्मनीने पुन्हा कधीच केला नाही. एक अख्खे शस्त्र जिंकता जिंकता खर्ची पडले.

मग जबर हानी झालेला प्रत्येक विजय तोट्याचा का? अजिबात नाही, आणि हे न मानणारी टीका उथळ असते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने मैदानात उतरवलेल्या सुमारे सात हजारांपैकी १,५८४ माणसे मेली, जखमी झाली वा हरवली. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने त्याच्या ७४व्या पलटणीची जवळजवळ चाळण केली. पाचशेच्या आसपास माणसांतली चारशे पडली. प्रमाण पाहिले तर हा विजय गिल्फर्डच्या पंगतीत बसावा. त्या दिवशी वेलस्लीलाही पाठलाग जमला नाही. पण दुसऱ्याच दिवशी कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळाली आणि तिने पुढची कामगिरी उचलली. बैल, धान्य आणि वंजाऱ्यांचे तांडे यांची व्यवस्था वेलस्ली म्हैसूरच्या काळापासून जातीने पाहत आलेला होता. ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड पडले, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. असईपासून तहापर्यंत शंभर दिवसही गेले नाहीत. गिल्फर्ड आणि असई यांत फरक शौर्याचा नव्हता. एकाच्या मागे दुसरी फौज, धान्य आणि कोणता तह हवा याची स्पष्ट कल्पना होती. दुसऱ्याच्या मागे जळालेल्या गाड्या होत्या.

जिंकलेली जागा राखण्याचा खर्च हा वेगळाच विषय आहे. कारगिलच्या युद्धात भारताचे ५२७ जवान शहीद झाले आणि १,३६३ जखमी झाले. हे आकडे सर्वांना माहीत असतात. पण त्याआधी त्या भागातली अनेक उंच ठाणी हिवाळ्यात रिकामी केली जात, आणि विजयानंतर तसे करणे अशक्य झाले, ही गोष्ट तितकी बोलली जात नाही. १ सप्टेंबर १९९९ ला लेह येथे चौदावी कोअर उभी राहिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात माणसे वर राहतात. बर्फ पडण्याआधी रस्ता उघडा असलेल्या मोजक्या महिन्यांत रॉकेल, डबाबंद अन्न, औषधे, दारूगोळा यांचा सहा महिन्यांचा साठा वर पोचवावा लागतो. हिमदंश, फुप्फुसात पाणी होणे, हिमकडे कोसळणे यांत माणसे जातात, आणि त्यांची नावे युद्धाच्या आकड्यात येत नाहीत. हा खर्च करावा की नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो करावाच लागणार. पण तो विजयाच्या किमतीचा भाग आहे आणि त्याच खात्यात दिसला पाहिजे.

राजकीय बिल यापेक्षा मोठे असते आणि उशिरा येते. १७६३ मध्ये सप्तवार्षिक युद्ध जिंकून ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा घेतला. तोवर ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेले होते. नव्या मुलखात सैन्य ठेवायचे होते, म्हणून १७६५ मध्ये अमेरिकी वसाहतींवर स्टॅम्प कर आला. पण फ्रेंच उत्तरेत होते तोवर वसाहतींना ब्रिटिश सैन्याची गरज वाटत होती. फ्रेंच गेले आणि ती गरजही गेली. म्हणजे विजयाने एकाच वेळी करही आणला आणि कर सोसण्याचे कारणही काढून घेतले. अवघ्या बारा वर्षांत वसाहती बंड करून उठल्या आणि १७७८ मध्ये हरलेला फ्रान्स त्यांच्या मदतीला उभा राहिला.

प्रशियाच्या, म्हणजे ज्या राज्याभोवती पुढे जर्मनी एक झाला त्याच्या, दोन विजयांची तुलना मला या बाबतीत सर्वांत शिकवणारी वाटते. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा कणा मोडला तेव्हा राजाला आणि सेनापतींना व्हिएन्नात शिरायचे होते, मुलूख तोडून घ्यायचा होता. बिस्मार्क आडवा पडला. प्रशियाने ऑस्ट्रियाकडून स्वतःसाठी त्याच्या मूळ प्रदेशातला तुकडाही घेतला नाही. तेरा वर्षांनी, १८७९ मध्ये, ऑस्ट्रिया जर्मनीचा दोस्त झाला होता. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवल्यावर मात्र अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग तोडून घेतला आणि पाच अब्ज फ्रँक खंडणी लादली. फ्रान्सने ती १८७३ मध्येच चुकती केली. त्या पैशाच्या पुराने जर्मनीत सट्टा फुगला आणि त्याच वर्षी बाजार कोसळला. तोडलेल्या प्रांतांचे वैर मात्र फिटणारे नव्हते. त्यानंतर युरोपात कुठेही जर्मनीवर संकट आले की फ्रान्स विरुद्ध बाजूला असणार हे ठरून गेले, आणि १८९४ पर्यंत रशिया त्याच्या जोडीला होता. दोन्ही लढाया तितक्याच झळझळीत जिंकल्या होत्या.

इराकचे उदाहरण ताजे आहे. मार्च २००३ मध्ये सुरू झालेली मोहीम ९ एप्रिलला बगदादेत पोचली. १ मे रोजी मुख्य लढाई संपल्याचे जाहीर झाले तेव्हा अमेरिकेचे सुमारे १४० सैनिक मेले होते. पुढच्या वर्षांत ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास गेली, आणि इराकी नागरिकांचे मृत्यू लाखाच्या घरात गेले. ताबा ठेवायला कित्येक लाख सैनिक लागतील असे लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी युद्धाआधी, फेब्रुवारीत, सिनेटच्या समितीसमोर सांगितले होते. ते मत झिडकारले गेले. २३ मे रोजी एका हुकमाने इराकी सैन्य बरखास्त झाले आणि शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे एका दिवसात बेकार झाली. राजधानी घेण्याचा आराखडा बारीक तपशिलांनिशी तयार होता. दुसऱ्या दिवशीच्या पोलिसाचा, पगाराचा आणि विजेचा नव्हता.

सगळ्यांत उशिरा येणारे बिल लोकसंख्येचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स जिंकला, पण सुमारे चौदा लाख माणसे गमावून. जी मुले १९१५ ते १९१९ मध्ये जन्मायची ती जन्मलीच नाहीत, कारण बाप खंदकात होते किंवा मेले होते. ती मुले लष्करात भरती व्हायची वेळ आली १९३५ नंतर. फ्रेंच लष्करी दप्तरात या वर्षांना ‘पोकळ वर्षे’ म्हणत. वार्षिक भरती निम्म्याच्या आसपास येणार हे आधीच कळत होते. १९३५ मध्ये सक्तीच्या सेवेची मुदत दोन वर्षे केली गेली. जर्मन सीमेवरच्या माजिनो तटबंदीवर एवढा पैसा ओतण्यामागेही हाच हिशेब होता: माणसे कमी पडणार, तर काँक्रीट वापरा. मे १९४० मध्ये त्या तटबंदीला वळसा पडला आणि सहा आठवड्यांत फ्रान्स शरण गेला. १९१८ च्या विजयाने माणसे तर नेलीच, शिवाय बचाव नेहमी हल्ल्यावर मात करतो ही समजूतही पक्की करून ठेवली.

चुकीचा धडा हा विजयाचा खास रोग आहे. हरलेला सगळे उघडून पाहतो, जिंकलेला जे चालले तेच वाढवतो. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलला रणगाडे आणि विमाने यांनी लखलखीत यश दिले. मग रणगाडे वाढले, त्यांच्या बरोबरीचे पायदळ आणि तोफखाना मागे पडला. ८ ऑक्टोबर १९७३ ला सिनाईत पायदळाविना पुढे गेलेले रणगाडे इजिप्तच्या पायदळाने खांद्यावरच्या आणि जमिनीवरून सोडायच्या क्षेपणास्त्रांनी फोडले. १९६७ ची चौकशी झाली नव्हती. १९७३ ची झाली.

आता पैसा. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत पावावर रेशन लावले नाही. ते लावले जुलै १९४६ मध्ये, जिंकल्यावर वर्षभराने, आणि ते दोन वर्षे चालले. मांसावरचे रेशन १९५४ मध्ये उठले. १९४६ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला. अमेरिकेच्या यादवी युद्धाचे शेवटचे निवृत्तिवेतन एका सैनिकाच्या मुलीला मिळत होते, महिना ७३ डॉलर १३ सेंट. ते २०२० मध्ये तिच्या मृत्यूने बंद झाले. युद्ध संपले होते १८६५ मध्ये.

विजयाची चौकशी करता येते, आणि ती जिंकत असतानाच सुरू करता येते, याचा पुरावाही आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये, जर्मनी अजून लढत असताना, अमेरिकेने आपल्याच बॉम्बफेकीचा सर्वेक्षण विभाग स्थापन केला. प्रमुख म्हणून वायुदलाचा सेनापती न नेमता एका मोठ्या विमा कंपनीचा अध्यक्ष नेमला. ३०० नागरी तज्ज्ञ, ३५० अधिकारी आणि ५०० सैनिक अशी मंजुरी होती. हे लोक सैन्याच्या पाठोपाठ जर्मन कारखान्यांत शिरले, दप्तरे जाळली जाण्याआधी ताब्यात घेतली, व्यवस्थापकांना प्रश्न विचारले. एवढी बॉम्बफेक होऊनही जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच होते, आणि खरा घाव बसला तो तेल आणि रेल्वे यांवर मारा केल्यावर, हे त्यांनी लिहून ठेवले. जिंकलेल्या देशाने स्वतःच्या सर्वांत आवडत्या शस्त्राबद्दल हे छापले. शेकडो खंड झाले.

याउलट ब्रिटनने इराकची सर्वंकष चौकशी २००९ मध्ये लावली आणि अहवाल आला जुलै २०१६ मध्ये, सव्वीस लाख शब्दांचा. काम दर्जेदार होते, पण तेरा वर्षांनी आले. तोवर ज्या निर्णयांना अडवायचे ते घेऊन झाले होते.

कारगिलबाबत भारताने जे केले त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. युद्ध संपल्यावर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ ला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबरात अहवाल तयार झाला, फेब्रुवारी २००० मध्ये काही भाग गाळून संसदेत आला. एवढी तत्परता क्वचित दिसते. पण तिची कार्यकक्षा वाचा. घुसखोरी कशी झाली आणि पुढे ती टाळण्यासाठी काय करावे, एवढेच तिला पाहायचे होते. लढाई कशी लढली गेली, कोणत्या टेकडीवर तोफांची मदत पोचण्याआधी पायदळ चढवावे लागले, कोणत्या साहित्याअभावी किती माणसे गेली, वर कायम राहण्याचा वार्षिक बोजा किती, हे तिच्या कामात नव्हते. म्हणजे तीही मुळात अपयशाचीच चौकशी होती. विजयाची वही तेव्हाही उघडली गेली नाही.

माझ्या दृष्टीने या वहीत कमीत कमी काय असावे? मृत आणि जखमी यांची एकूण संख्या पुरेशी नाही. हल्ल्याच्या तुकड्यांत किती, अधिकारी आणि हवालदार दर्जाचे किती, आणि त्या जागा भरायला किती वर्षे लागतील हे वेगळे हवे. दारूगोळा किती दिवसांचा होता, किती उरला आणि कारखाने तो किती महिन्यांत भरून देतील. जखमी किती वेळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला, कारण तोफगोळ्याने होणाऱ्या मृत्यूंपेक्षा उशिराने होणारे मृत्यू टाळणे आपल्या हातात जास्त असते. जिंकलेला मुलूख राखायला दर वर्षी किती माणसे, किती पैसा. निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाचा भार पुढच्या चाळीस वर्षांत किती. आणि युद्धाआधी ठरवलेला हेतू शब्दशः काय होता, त्यातला किती साधला. हा शेवटचा मुद्दा सर्वांत अडचणीचा, म्हणून हेतू आधीच लिहून सीलबंद ठेवण्याची सक्ती हवी. नाहीतर जे मिळाले तेच हवे होते असे नंतर सांगितले जाते.

याला होणारे आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाहीत. गोपनीयतेचा आक्षेप अंशतः खरा आहे. दारूगोळ्याचा चालू साठा शत्रूला सांगायचा नसतो. तो भाग संसदेच्या बंद बैठकीत जावा. पण अडीच-तीन वर्षांपूर्वी कोणत्या टेकडीवर स्ट्रेचर कमी पडले यात शत्रूच्या उपयोगाचे काही नाही. दुसरा आक्षेप असा की चौकशीच्या धाकाने सेनापती कचरतील. या धोक्याला उदाहरण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्ग जिंकल्यावर उत्तरेचा जनरल मीड सुमारे तेवीस हजार माणसे गमावून बसला होता, त्याने जोराचा पाठलाग केला नाही, दक्षिणेचा सेनापती ली नदीपार निसटला आणि युद्ध आणखी एकवीस महिने चालले. हानीला भिणेही महाग पडते. म्हणूनच चौकशीने सेनापतीने किती माणसे गमावली एवढे पाहून थांबू नये. न केलेल्या पाठलागाची किंमतही तिने त्याच वहीत मांडावी. आणि साक्षीदारांना शिक्षेपासून संरक्षण असावे, विमान अपघातांच्या तपासात असते तसे. दोषी शोधण्याचे काम वेगळ्या न्यायालयाचे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: शहिदांच्या विजयाला किंमतपट्टी लावणे म्हणजे त्यांचा अवमान. मला उलट वाटते. ज्या घरातला मुलगा गेला त्या घराने किंमत केव्हाच मोजली आहे. त्याला आवश्यक ते बूट, नकाशा, तोफेची साथ मिळाली होती का, हे विचारायचा हक्क त्या घराला आहे, आणि पुढच्या तुकडीत जाणाऱ्या मुलाला त्या उत्तराची गरज आहे.

एक अहवाल मात्र पुरणार नाही. पहिला सहा महिन्यांत यावा, आठवणी ताज्या आणि कागद जागेवर असताना. त्यात माणसे, दारूगोळा, वैद्यकीय मदत, नेतृत्व एवढे पाहावे. कर, वैर, ताब्याचा खर्च, शिकलेले चुकीचे धडे हे सहा महिन्यांत दिसत नाहीत. सप्तवार्षिक युद्ध संपवणाऱ्या १७६३ च्या पॅरिसच्या तहानंतर सहा महिन्यांनी ब्रिटनला विचारले असते तर त्याने निव्वळ नफाच सांगितला असता. त्यासाठी दुसरा अहवाल दहा वर्षांनी यावा, त्याची तारीख पहिल्याच अहवालावर छापलेली असावी, आणि पहिल्यावर सही करणाऱ्यांपैकी कुणीही त्याच्या समितीत नसावे.